गुरुत्वाकर्षणाचा जोर वेगळा, खोली वेगळी

प्रश्न असा आहे: पृथ्वीपासून वर जावं तसा जी (गुरुत्वीय त्वरण) कमी होत जातो, मग स्थितिज ऊर्जा पण कमी व्हायला हवी, ती उलट वाढते कशी? वाढतेच म्हणता तर फॉर्म्युल्यात ती उणे का लिहितात? आणि पृथ्वीच्या केंद्रात वजन शून्य होतं तर तिथे पोटेन्शियल पण शून्य का धरत नाहीत?

दिसायला हे तीन प्रश्न आहेत पण दुखणं एकच आहे, फिल्ड आणि पोटेन्शियल ह्या दोन गोष्टी एकमेकांत मिसळल्यात. माझं काम उपग्रहांच्या कक्षांची गणितं करायचं, आणि नवीन मुलं कामाला येतात तेव्हा, चांगली हुशार मुलं, इंटिग्रेशन झोपेत करतील अशी, ती सुद्धा सुरुवातीला हमखास इथेच अडखळतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, घाई असेल तर पुढचा परिच्छेद वाचून सोडून दिलंत तरी चालेल.

एखाद्या दरीचा उतार किती तीव्र आहे ही एक गोष्ट आणि दरी किती खोल आहे ही दुसरी. उतार सौम्य पण दरी प्रचंड खोल असं असू शकतं, आणि उतार कडक पण दरी उथळ असंही असू शकतं. गुरुत्वीय क्षेत्र म्हणजे फिल्ड, तो उतार. त्या जागी ठेवलेल्या एक किलोवर किती बल लागतं ते तो सांगतो, म्हणून एकक न्यूटन प्रति किलो, जे शेवटी मीटर प्रति सेकंद वर्गच आहे. पोटेन्शियल म्हणजे खोली, त्या जागी एक किलोची ऊर्जा किती ते, एकक ज्यूल प्रति किलो. जागा जराशी बदलली की पोटेन्शियल किती बदलतं तो दर म्हणजे फिल्ड. बस, नातं एवढंच आहे, आणि हे नातं नीट धरून ठेवलं की तिन्ही प्रश्न सुटतात.

आता पहिला प्रश्न. पृष्ठभागावर जी 9.8 आहे, म्हणजे एक किलो वजन एक किलोमीटर वर न्यायला 9.8 किलोज्यूल लागतात. 400 किलोमीटरवर जी 8.7 होतो (हो, एवढा जास्त, अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं ही समजूत डोक्यातून काढून टाका, तिथे ते जमिनीवरच्या जवळजवळ 89 टक्के आहे, आतली माणसं तरंगतात ती स्थानकासकट सतत पडत असतात म्हणून). तिथे पुढचा एक किलोमीटर चढायला 8.7 किलोज्यूल. पृथ्वीच्या एका त्रिज्येइतकं म्हणजे 6,371 किलोमीटर वर गेलात की जी पाव होतो, तिथला एक किलोमीटर 2.45 किलोज्यूलला पडतो. आणि चंद्राच्या अंतरावर, 3,84,400 किलोमीटरवर, पृथ्वीचं फिल्ड उरतं 0.0027, तिथे एक किलोमीटर बाहेर सरकायला जेमतेम 2.7 ज्यूल. नीट बघा, प्रत्येक किलोमीटरला लागणारी भर कमी कमी होत चाललीय, पण ती भरच आहे, कुठेही वजाबाकी झालेली नाही. जी कमी होतो म्हणजे ऊर्जा वाढण्याचा वेग कमी होतो, ऊर्जा नाही कमी होत.

माझ्या मते ह्या गोंधळाचा उगम एमजीएच मध्ये आहे, म्हणजे वस्तुमान गुणिले जी गुणिले उंची. शाळेत ते इतकं घोटून घेतात की स्थितिज ऊर्जा म्हणजे तेच असं बसतं, मग जी घटला की गुणाकार घटणार असं वाटणं साहजिक आहे. पण एमजीएच ही खरी गोष्ट नाहीच, ती जमिनीलगतची सोय आहे, जिथे जी बदलत नाही असं मानलं तर चालून जातं. कुठवर चालतं? चूक साधारण उंची भागिले पृथ्वीची त्रिज्या एवढी येते. एव्हरेस्टच्या 8,849 मीटरला ती 0.14 टक्के, कोणाला कळणार पण नाही. 64 किलोमीटरला एक टक्का. 400 किलोमीटरला सहा टक्के, एमजीएच म्हणतं किलोमागे 3.92 मेगाज्यूल आणि खरं उत्तर 3.70. आणि भूस्थिर उपग्रहाच्या उंचीला, म्हणजे 35,786 किलोमीटरला, 9.8 तसाच ठेवून एमजीएच लावलंत तर 351 मेगाज्यूल येतं, जे पृथ्वीपासून कायमचं सुटून जायला लागणाऱ्या ऊर्जेच्या पाचपटीहून जास्त आहे! खरं उत्तर 53. आणि बरं, तिथला घटलेला जी घालून एमजीएच केलंत तरी चुकणारच, कारण वाटेत जी सगळीकडे तेवढा नव्हता. तुकड्या तुकड्यांची बेरीज केल्याशिवाय सुटका नाही, इंटिग्रेशन म्हणजे तरी दुसरं काय.

ती बेरीज केली की जे येतं ते उणे जीएम भागिले आर. ह्यातला जी मोठा जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, आधीचा 9.8 वाला नाही, आणि एम म्हणजे पृथ्वीचं (किंवा जो गोळा असेल त्याचं) वस्तुमान. आर हे अंतर केंद्रापासून मोजायचं, जमिनीपासून नाही (परीक्षेत निम्मे मार्क इथेच जातात). आता हा उणे कुठून आला ते बघू.

पोटेन्शियलचा शून्य कुठे धरायचा हे आपल्या हातात आहे, निसर्गाला फक्त फरक कळतो. तुम्ही शून्य जमिनीवर धरा, टेबलावर धरा, काही बिघडत नाही, एमजीएच मध्ये आपण तेच करतो. पण पृथ्वी, चंद्र, सूर्य सगळे एकत्र हिशोबात घ्यायचे असतील तर कोणाची जमीन शून्य धरणार? म्हणून सगळ्यांना सोयीची एकच जागा राहते, अनंत अंतर, जिथे कोणाचाच प्रभाव उरत नाही. तिथे शून्य धरलं, आणि पृथ्वीकडे येताना ऊर्जा कमी होत येते, मग शून्यापेक्षा कमी ते उणेच असणार ना. आर वाढला की जीएम भागिले आर हा आकडा लहान होतो, पण पुढे उणे असल्यामुळे एकूण किंमत शून्याकडे म्हणजे वर सरकते. जमिनीवरच्या उणे 62.6 मेगाज्यूलपासून उणे 10 कडे जाणं ही वाढ आहे. एवढं कळलं की चिन्हाची भीती जाते.

इथे एक गोष्ट आहे जी पुस्तकं फार पटकन उरकतात आणि मला स्वतःला ती सगळ्यात सुंदर वाटते. अनंतापर्यंत जायचं, वाटेत बल कधीच पूर्ण शून्य होत नाही, तरी लागणारी एकूण ऊर्जा मर्यादित आहे. का? कारण बल अंतराच्या वर्गाने घटतं आणि हे घटणं पुरेसं जलद आहे, लहान लहान भरींची बेरीज एका आकड्यापाशी येऊन थांबते. बल जर अंतराच्या पहिल्या घातानेच घटत असतं, म्हणजे अंतर दुप्पट तर बल निम्मं, तर ती बेरीज थांबलीच नसती, आणि कुठल्याही ग्रहावरून कितीही वेगाने काहीही फेकलं तरी ते कधी ना कधी परत आलंच असतं. मुक्तिवेग, म्हणजे कायमचं सुटून जायला लागणारा कमीत कमी वेग, ही चीजच नसती. आपल्या विश्वात ती आहे, आणि एकूण हिशोब निघतो तो किती साधा बघा: पृष्ठभागावरचा जी गुणिले त्रिज्या. जणू काही जी एका त्रिज्येपर्यंत तसाच 9.8 राहिला आणि मग अचानक बंद झाला. पृथ्वीसाठी हे 62.6 मेगाज्यूल प्रति किलो. दुप्पट करा, वर्गमूळ घ्या, 11.2 किलोमीटर प्रति सेकंद, हाच मुक्तिवेग. त्यातली निम्मी ऊर्जा पहिल्या 6,371 किलोमीटरमध्ये खर्च होते, आणि चंद्राच्या अंतरापर्यंत पोचेस्तोवर 98 टक्क्यांहून जास्त संपलेली असते. म्हणून चंद्राकडे निघालेल्या अपोलो यानांचा सुटतानाचा वेग साधारण 10.8 होता, तेवढ्या उंचीवरचा मुक्तिवेग 11 च्या आसपास. चंद्रावर जाणं आणि पृथ्वीपासून कायमचं सुटणं ह्यात ऊर्जेच्या हिशोबाने फारसा फरक नाहीये.

जी गुणिले त्रिज्या हे सूत्र हातात आलं की उतार आणि खोली वेगळी असल्याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा मिळतो. शुक्र घ्या आणि युरेनस घ्या. दोघांचं पृष्ठभागावरचं गुरुत्वाकर्षण जवळजवळ सारखं, 8.9 च्या आसपास (युरेनसला घट्ट जमीन नाही, तिथे वातावरणात जिथे दाब एक बार आहे ती पातळी पृष्ठभाग समजतात). दोन्हीकडे उभं राहता आलं असतं तर वजनकाट्यावर तुम्हाला फरक कळला नसता, आणि दोन्हीकडे पृथ्वीपेक्षा हलकंच वाटलं असतं. पण मुक्तिवेग? शुक्राचा 10.4, युरेनसचा 21.3. दुपटीहून जास्त, म्हणजे ऊर्जा चौपटीहून जास्त. कारण युरेनसची त्रिज्या शुक्राच्या चौपटीहून मोठी आहे, बल तेवढंच पण ते दूरपर्यंत पाठ सोडत नाही. शनीचंही तसंच, तिथला जी पृथ्वीपेक्षा किंचितच जास्त आणि मुक्तिवेग 35.5.

आता हेच आपल्या स्वतःच्या जागेला लावून बघा. आपण ह्या क्षणी एका दरीत नाही, एकात एक असलेल्या तीन दऱ्यांत बसलेलो आहोत. पृथ्वीची खोली 62.6 मेगाज्यूल प्रति किलो, उतार 9.8. सूर्याचा उतार इथे फक्त 0.0059, म्हणजे पृथ्वीच्या दीड हजारहून जास्त पटीने कमी, पण सूर्यामुळे असलेली खोली 887 मेगाज्यूल, पृथ्वीच्या चौदापट! आणि त्याच्या बाहेर आकाशगंगा. तिच्या बलामुळे सूर्यमालेला मिळणारं त्वरण एका मीटर प्रति सेकंद वर्गाच्या साधारण 500 कोटीव्या भागाइतकं, कुठल्याही रोजच्या हिशोबात ते धरत सुद्धा नाहीत. पण आकाशगंगेतून सुटून जायचं तर इथून सेकंदाला 500 ते 550 किलोमीटरचा वेग लागतो, म्हणजे किलोमागे सव्वा ते दीड लाख मेगाज्यूल. ज्याचा उतार सगळ्यात कमी त्याची खोली सगळ्यात जास्त. हे एकदा डोळ्यांसमोर आणलं की फिल्ड कमी म्हणजे पोटेन्शियल कमी ही समजूत आपोआप गळून पडते.

एक जण हमखास विचारतो की सूर्याचं बल चंद्रावर पृथ्वीपेक्षा जास्त आहे तर सूर्य चंद्राला ओढून का नेत नाही. आकडे खरे आहेत, चंद्रापाशी सूर्याचं फिल्ड 0.0059 आणि पृथ्वीचं 0.0027, दुपटीहून जास्त. पण सूर्य पृथ्वीलाही जवळजवळ तेवढ्याच जोराने ओढतो, दोघं मिळून सूर्याभोवती पडतायत, त्यामुळे त्यांच्या आपसातल्या हिशोबात सूर्याचं पूर्ण बल येतच नाही, येतो तो दोन जागांमधला फरक, आणि तो फारच लहान आहे. भरती-ओहोटी हाच फरकाचा खेळ आहे, म्हणून चंद्राचं बल इथे सूर्यापेक्षा कितीतरी कमी असूनही भरतीत चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून जास्त, कारण हा फरक अंतराच्या घनाने घटतो आणि चंद्र जवळ आहे. म्हणजे उतारही नाही आणि खोलीही नाही, उतार कसा बदलतोय ही तिसरीच गोष्ट. विषय मोठा आहे, इथे सोडतो.

बऱ्याच जणांना वाटतं रॉकेटचं काम वर नेणं. वर नेणं हे त्यातलं सोपं काम आहे. 400 किलोमीटर उंचीच्या कक्षेचा हिशोब घ्या, उंची चढायला किलोमागे 3.7 मेगाज्यूल, आणि तिथे टिकून राहायला जो 7.67 किलोमीटर प्रति सेकंद वेग लागतो त्याची गतिज ऊर्जा 29.4 मेगाज्यूल. आठपट! म्हणून रॉकेट उडाल्यावर थोड्याच वेळात आडवं व्हायला लागतं, लोकांना वाटतं बिघडलं की काय, पण खरं काम आडवंच आहे. भूस्थिर कक्षेत हे चित्र पूर्ण उलटतं, तिथे चढण 53 मेगाज्यूल आणि वेग फक्त 3.07, म्हणजे गतिज ऊर्जा 4.7. एकूण 57.8, आणि पृथ्वीतून सुटायला 62.6. तुम्ही जवळजवळ सुटलेलेच असता तिथे.

वर्तुळाकार कक्षेत नेहमी एक ठरलेलं प्रमाण असतं, गतिज ऊर्जा ही (शून्य अनंताला धरून मोजलेल्या) स्थितिज ऊर्जेच्या उणे निम्मी. म्हणजे एकूण ऊर्जा येते उणे जीएम भागिले दोन आर, एका किलोमागे. आता ह्यातून एक विचित्र गोष्ट निघते. खालच्या कक्षेतल्या उपग्रहाला विरळ हवेचा विरोध होतो, ऊर्जा खाल्ली जाते, तर उपग्रहाचा वेग काय होईल? सगळे म्हणतात कमी होईल. होतो जास्त. 400 किलोमीटरवरून एक किलोमीटर खाली घसरला की किलोमागे 8.7 किलोज्यूल स्थितिज ऊर्जा सुटते, त्यातली निम्मी हवेच्या घर्षणात उष्णता म्हणून जाते आणि उरलेली निम्मी त्याचाच वेग वाढवते, सेकंदाला साधारण अर्धा मीटर. ब्रेक लावला आणि स्पीड वाढला. पहिल्यांदा ऐकलं की माणूस वाद घालतो, कागदावर दोन ओळी मांडल्या की गप्प बसतो. कक्षेतलं दुसरं यान पुढे असेल तर त्याला गाठायला इंजिन पुढच्या दिशेने ढकलून चालत नाही तेही ह्याच कारणाने, वेग वाढवायला गेलात की कक्षा वर चढते आणि तुम्ही मागे पडता.

हेच गणित ताऱ्यांत पण चालतं. वायूचा ढग स्वतःच्या वजनाने आकसतो, सुटलेल्या स्थितिज ऊर्जेतली निम्मी बाहेर प्रकाश म्हणून जाते आणि निम्मी त्याला तापवते, म्हणजे ऊर्जा गमावून गोळा जास्त गरम होतो. एकोणिसाव्या शतकात केल्विन आणि हेल्महोल्ट्झ यांनी सूर्य ह्याच आकसण्यावर चालतो असं धरून हिशोब केला होता आणि सूर्याचं वय दोन-तीन कोटी वर्षं असं काहीतरी येत होतं. भूगर्भवाले म्हणत होते पृथ्वीच त्याहून कितीतरी जुनी आहे. बराच वाद झाला, आणि पुढे अणुकेंद्रातली ऊर्जा कळल्यावर तो मिटला. गणित चुकलं नव्हतं, सूर्याकडे दुसरी ऊर्जा होती.

एक उलटं वाटणारं उदाहरण अजून देतो कारण ते खोलीच्या कल्पनेला चिकटून आहे. यान सूर्यात टाकणं सोपं की सूर्यमालेबाहेर काढणं? वाटतं की सूर्यात टाकणं, नुसतं सोडायचं आणि पडेल. पण पृथ्वी स्वतः 29.8 किलोमीटर प्रति सेकंदाने फिरतेय, तिथून सुटणाऱ्या यानाला तो वेग आयता मिळतो. सूर्यमालेतून बाहेर पडायला इथे 42.1 लागतो, म्हणजे वर फक्त 12.3 घालायचे. सूर्यात पडायचं तर सगळे 29.8 मारून टाकावे लागतात. म्हणून 2018 साली सुटलेल्या पार्कर सोलर प्रोब ह्या नासाच्या यानाला शुक्राजवळून पुन्हा पुन्हा नेऊन त्याची ऊर्जा उतरवावी लागली. डिसेंबर 2024 मध्ये ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे 61 लाख किलोमीटरवर आलं तेव्हा वेग 192 किलोमीटर प्रति सेकंद होता. हा वेग कुठल्या इंजिनाने दिलेला नाही, सूर्याच्या दरीत उतरताना मिळालेला आहे, आणि हाताने पडताळून बघायचा असेल तर जीएम भागिले आर काढा, दुप्पट करा, वर्गमूळ घ्या, 197 येईल, उरलेला थोडा फरक हा ते अनंतातून न येता शुक्राच्या आसपासच्या अंतरावरून आलं म्हणून.

आता तिसरा प्रश्न, पृथ्वीचं केंद्र. तिथे वजन शून्य हे बरोबर, सगळीकडून सारखी ओढ, बेरीज शून्य. पण उतार शून्य म्हणजे काय? म्हणजे जमीन सपाट आहे. दरीच्या अगदी तळाला उतार शून्यच असतो, तळ म्हणून. शून्य उतार सगळ्यात खोल जागी पण असतो, शिखरावर पण असतो, आणि दोन दऱ्यांमधल्या खिंडीत पण. पृथ्वी सगळीकडे सारख्याच घनतेची मानली तर केंद्रातलं पोटेन्शियल पृष्ठभागाच्या बरोबर दीडपट येतं, म्हणजे उणे 94 मेगाज्यूलच्या आसपास. खऱ्या पृथ्वीचा गाभा फार घन आहे त्यामुळे ते त्याहूनही खोल. आणि खऱ्या पृथ्वीत खाली उतरताना जी लगेच घटत पण नाही, 2,900 किलोमीटरपर्यंत, म्हणजे गाभ्याच्या सीमेपर्यंत, तो 9.8 ते 10.7 च्या आसपासच राहतो, त्यानंतर झपाट्याने उतरतो. पुस्तकातली सरळ रेषा ही सारख्या घनतेच्या गोळ्याची आहे, एवढं लक्षात असू द्या.

पोकळ गोळा घेतला तर हे अजून स्पष्ट होतं. आतून पोकळ अशा जड कवचाच्या आत फिल्ड सगळीकडे शून्य, हे न्यूटननेच दाखवलंय. पण आतलं पोटेन्शियल शून्य नाही, ते आत सगळीकडे सारखं आहे आणि कवचाच्या पृष्ठभागावर जेवढं तेवढंच. आत बसलेल्याला कसलीही ओढ जाणवणार नाही, पण बाहेर पडून दूर जायचं म्हटलं की पूर्ण किंमत मोजावी लागेल. खिंडीचं उदाहरण हवं तर पृथ्वी आणि चंद्राच्या मधे आहे, दोघांच्या वस्तुमानाचं गुणोत्तर 81, वर्गमूळ 9, म्हणून अंतराच्या दहापैकी नऊ भागांवर, पृथ्वीपासून 3,46,000 किलोमीटरवर दोघांची ओढ एकमेकांना खाऊन टाकते (दोघं फिरतायत हे इथे सोडून दिलंय, ते धरलं तर तोल साधणारी जागा थोडी अलीकडे येते). फिल्ड शून्य. पोटेन्शियल मात्र दोघांची बेरीज करून उणे 1.28 मेगाज्यूल. फिल्ड बाणांसारखं जोडावं लागतं, दिशा बघावी लागते, ती एकमेकांना मारते. पोटेन्शियल नुसते आकडे, आणि गुरुत्वाकर्षणात सगळे उणेच, त्यामुळे ते कधीच एकमेकांना मारत नाहीत, प्रत्येक वस्तू खोली वाढवतच जाते. गणितं सोडवताना पोटेन्शियलने सोडवा असं मी सगळ्यांना सांगतो ते ह्याचसाठी, दिशेच्या भानगडीत चुका फार होतात.

कोणी म्हणेल की पोटेन्शियल ही फक्त हिशोबाची सोय आहे, खरं तर बलच जाणवतं. मला हे पटत नाही, कारण घड्याळांना पोटेन्शियल कळतं. खोल जागी घड्याळ हळू चालतं, आणि किती हळू ते ठरतं पोटेन्शियलच्या फरकाला प्रकाशवेगाच्या वर्गाने भागून, तिथल्या जी वर नाही. हार्वर्डमध्ये पाउंड आणि रेब्का ह्या भौतिकशास्त्रज्ञांनी 1959-60 मध्ये फक्त 22.5 मीटर उंचीच्या फरकात हे मोजून दाखवलं, फरक होता हजार लाख कोटीत अडीच भाग! जीपीएसच्या उपग्रहांवर हे रोज दिसतं, ते 20,200 किलोमीटर उंचीवर आहेत, इथून तिथपर्यंत पोटेन्शियलचा फरक किलोमागे 47.6 मेगाज्यूल, भागून बघा, दिवसाला 45.7 मायक्रोसेकंद घड्याळ पुढे जातं. वेगामुळे ते 7 ने मागे पडतं, निव्वळ 38 च्या आसपास पुढे. प्रकाश तेवढ्या वेळात 11 किलोमीटर जातो, त्यामुळे हा फरक आधीच धरून घड्याळं लावलेली असतात.

आणि केंद्रातला प्रश्न इथे परत येतो. पृथ्वीच्या केंद्रात जी शून्य आहे, तरी तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा हळू चालतं कारण ती जागा खोल आहे. साडेचार अब्ज वर्षांत ह्याची बेरीज होऊन केंद्र पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी लहान राहिलंय, 2016 मध्ये हे गणित खऱ्या घनता धरून पुन्हा नीट करून प्रसिद्ध झालं. सारख्या घनतेचा गोळा धरला तर दीड वर्षाच्या आसपास येतं, कागदावर स्वतः करून बघण्यासारखं आहे.

शेवटी एक कामाचा आकडा. जीएम भागिले आर हे प्रकाशवेगाच्या वर्गाने भागा, जे येईल त्यावरून न्यूटनचं गणित किती चालेल ते कळतं. पृथ्वीला ते एक अब्जाव्या भागाहून कमी, सूर्याच्या पृष्ठभागावर दहा लाखात दोन, आणि एवढ्यावरही बुधाच्या कक्षेच्या हळूहळू फिरण्यात शंभर वर्षांत 43 कोनीय सेकंदांचा (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा 3,600 वा भाग) फरक राहतो जो न्यूटनने सुटत नाही आणि आइनस्टाइनने सुटला. न्यूट्रॉन ताऱ्यापाशी (मोठा तारा संपल्यावर उरलेला अतिघन गोळा), सूर्याच्या 1.4 पट वस्तुमान आणि 12 किलोमीटर त्रिज्या धरली तर, हा आकडा 0.17 येतो. म्हणजे त्याच्यावर पडणारं एक किलो आपल्या संपूर्ण वस्तुमान-ऊर्जेच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास ऊर्जा सोडू शकतं, जिथे हायड्रोजनचं हीलियम होताना फक्त 0.7 टक्के सुटते. आता 0.17 हा आकडा मी न्यूटनच्या सूत्रानेच काढलाय, आणि तो एवढा मोठा आला ह्याचाच अर्थ तिथे ते सूत्र अंदाजापुरतं वापरायचं, नेमकं उत्तर हवं असेल तर सामान्य सापेक्षतावादाची समीकरणं घेऊन बसावं लागतं. पृथ्वी, चंद्र, ग्रह आणि तुमच्या परीक्षेत येणारं जवळजवळ सगळं मात्र उणे जीएम भागिले आर मध्ये आरामात बसतं.